पुरातली होडी आणि उपाशी बॅटरी

चंद्रपूर आणि गडचिरोली म्हटले, की बाहेरच्या माणसाला आठवते ते अरण्य. साग, बांबू, वाघ आणि तेंदूची पाने! परंतु नकाशा नीट पसरून पाहिला म्हणजे ध्यानात येते, की हा मुलूख जितका जंगलाचा तितकाच नद्यांचा आहे. मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा ह्या दोन जिल्ह्यांची शीव आखीत दक्षिणेकडे येते. चपराळ्याच्या रानाजवळ तिला वर्धा भेटते आणि दोघी मिळून प्राणहिता होतात. ती प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. पूर्वेकडून इंद्रावती येते. भामरागडला तर इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी अशा तीन नद्या एकत्र येतात.

उन्हाळ्यात ह्या नद्यांच्या वाळूतून माणसे पायी पार होतात. पावसाळ्यात मात्र त्याच नद्या गावेच्या गावे तोडून टाकतात. २०१९ च्या पावसाळ्यात भामरागडचा जगाशी संबंध एकदा नव्हे, अनेकदा तुटला. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगा फुगली आणि ब्रह्मपुरी तालुक्यातली गावे वेढली गेली. त्यातले लाडज हे गाव तर मुळातच नदीच्या पाण्याने वेढलेले. २०२२ च्या जुलैत गोदावरी आणि प्राणहिता ह्यांच्या पुराने सिरोंचा तालुक्यातली गावे रिकामी करावी लागली. अशा वेळी रस्ता नसतो, पूल पाण्याखाली असतो, आणि आजारी माणूस, बाळंतीण, म्हातारीकोतारी ह्यांना बाहेर काढायला उरते ती एकच वस्तू : होडी.

आपल्याकडचा जुना डोंगा वल्ह्यावर आणि बांबूवर चालतो. ढिवर बांधवांचा हात त्यावर असा बसलेला असतो की पाहत राहावे. पण पुराच्या ओढीपुढे वल्हे अपुरे पडते. म्हणून बचावकार्याला रबरी किंवा फायबरची होडी आणि तिच्या मागच्या फळीवर बसवलेले इंजिन वापरतात. ह्यालाच आउटबोर्ड इंजिन म्हणतात. म्हणजे होडीच्या पोटात नव्हे, तर बाहेर, मागे टांगलेले. नॉर्वेहून लहानपणी अमेरिकेत गेलेल्या ओले एव्हिनरूड ह्या कारागिराने १९०९ साली असे इंजिन बाजारात यशस्वी करून दाखविले, आणि तेव्हापासून जगातल्या लहान होड्यांचे ते पायच झाले आहे.

आता मुद्द्याकडे येऊ. मी भूगोल शिकवणारा माणूस. तेव्हा यंत्राविषयी लिहिताना मिस्त्र्याच्या भाषेत न बोलता साध्या भाषेत बोलेन. पूर आला आहे, रात्र आहे, होडी एका बुडालेल्या घराशी जाऊन थांबली आहे. माणसे आत घेतली. इंजिनाचे बटन दाबले, आणि आतून नुसता ‘कट्’ असा आवाज आला. बॅटरी बसली! नदीची धार होडीला ओढू लागली. ह्या क्षणी कोणी म्हणेल, इंजिनाने दगा दिला. मला आज आपणांस सांगायचे आहे ते एवढेच, की बहुतेक वेळा हा दगा त्या रात्री झालेला नसतो. तो झालेला असतो ऑक्टोबर ते मे ह्या आठ महिन्यांत, पत्र्याच्या शेडमध्ये, होडी निमूटपणे उभी असताना. आणि तो मे महिन्यातच, एका साध्या मीटरने, अर्ध्या तासात पकडता येतो.

पण पकडायचा तर आधी वीज येते कोठून आणि जाते कोठे, हे समजले पाहिजे. आपल्या भागातल्या भातशेतीत बोडी असते. नाल्याचे पाणी बोडीत येते, बोडीतून बांधीत जाते, आणि जास्त झाले तर सांडव्यावरून निघून जाते. होडीवरची वीज अगदी अशीच आहे. बॅटरी ही बोडी. इंजिन हा तिला भरणारा नाला. इंजिन सुरू करणारी मोटर, दिवे, भोंगा, वायरलेस ही सगळी तहानलेली शेते.

हा नाला वाहतो कसा? इंजिनाच्या डोक्यावर, झाकणाखाली, एक जड चाक असते. त्याच्या आतल्या कडेला लोहचुंबक बसवलेले असतात. त्याच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी स्थिर बसवलेली असतात; त्यांना स्टेटर किंवा नुसते ‘कॉइल’ म्हणतात. चाक फिरले म्हणजे चुंबक वेटोळ्यांवरून सरकतात आणि तारेत वीज उत्पन्न होते. हे तत्त्व मायकेल फॅरडेने १८३१ साली लंडनमध्ये शोधून काढले. तारेच्या वेटोळ्यात त्याने चुंबक आत-बाहेर केला आणि जवळचा काटा हलला. त्या हललेल्या काट्यातूनच पुढे जगातली सगळी वीजघरे निघाली. आपल्या दारातल्या मोटारसायकलमध्येही हीच रचना आहे. म्हणून गावातला मोटारसायकलचा मिस्त्री होडीच्या इंजिनापाशी अगदीच परका नसतो, बरं का!

ह्या विजेत एक खोड असते. ती एका दिशेने वाहत नाही. क्षणात इकडे, क्षणात तिकडे अशी हेलकावे खाते. बॅटरीला मात्र एकाच दिशेने येणारी वीज लागते. हातपंपाचा दांडा वर-खाली होतो, पण झडपेमुळे पाणी वरच येते ना? तसे झडपेचे काम करणारा एक भाग येथे असतो. त्याला रेक्टिफायर म्हणतात. त्यालाच जोडून, वीज फार झाली तर ती आवरणारा सांडवा असतो, तो रेग्युलेटर. दोन्ही मिळून एकाच डबीत असले की मिस्त्री त्याला ‘आर. आर. युनिट’ म्हणतात. तेथून एक लाल तार, मध्ये एक फ्यूज, आणि मग बॅटरीचे धन टोक. संपला मार्ग. चुंबक, वेटोळे, झडप-सांडवा, फ्यूज, तार आणि बॅटरी : ह्या सहा ठिकाणांपैकी कोठेतरी खोट असते, सातवे ठिकाण नाही.

ह्या सहांपैकी पहिला संशय कोणावर घ्यायचा? घाईचा माणूस महागाच्या भागाकडे धावतो. “कॉइल जळली असेल, नवी मागवा!” कॉइल बाहेरून मागवायची म्हणजे आठवडा जायचा, आणि पूर काही आठवडाभर थांबत नाही. शिवाय नवी कॉइल घातल्यावरही बॅटरी बसते ती बसतेच. कारण दोष तेथे नसतोच. म्हणून नियम असा ठेवावा : जे स्वस्त, जे उघड्यावर आणि जे हाताशी, ते आधी तपासावे. बोडी कोरडी पडली म्हणून एकदम डोंगरावरचा उगम पाहायला कोणी जात नाही. आधी बोडीची पाळ फुटली आहे का, हे पाहतो. तसे.

कोकणात होडीच्या तारांना समुद्राचे मीठ खाते. आपल्या नद्यांचे पाणी गोडे; येथे मीठ नाही. येथे खाते ते उभे राहणे. शिशाची आणि आम्लाची बॅटरी गास्तों प्लांते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली बनविली, आणि तिचा एक स्वभाव अजून बदललेला नाही. ती काहीही न करता नुसती ठेवली तरी हळूहळू रिती होत जाते. उष्णता वाढली की हे रिते होणे झपाट्याने वाढते; तपमान दहा अंशांनी वाढले तर जवळजवळ दुपटीने. आता चंद्रपूरचा उन्हाळा आठवा. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याखाली काय होत असेल ते निराळे सांगायला नको. अशा रित्या बॅटरीतल्या शिशाच्या पट्ट्यांवर एक पांढरा थर धरतो आणि दिवस जातील तसा तो कडक होत जातो. तो एकदा कडक झाला, की बॅटरी भरल्यासारखी दिसते पण तिच्यात माल राहत नाही. गाळाने भरलेल्या तलावासारखी गत! काठोकाठ दिसतो, पण चार दिवसांत तळ दिसतो.

आता तपासणीला बसू. हाताशी एक विजेचे मीटर हवे. ते काही शेकड्यांत मिळते आणि गावातल्या वायरमनकडे बहुधा असतेच. दोन सूचना आधी. बॅटरीतून पेटणारा वायू निघतो आणि होडीत पेट्रोल असते, म्हणून विडी-काडी दूर ठेवा. बॅटरीतले आम्ल अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने ताबडतोब धुवा. डोळ्यांत गेले तर धुऊन लगेच दवाखाना गाठा.

पहिली पायरी. इंजिन बंद, सगळे दिवे बंद, आणि बॅटरीला चार-सहा तास विश्रांती दिलेली. मीटर सरळ व्होल्टवर लावून बॅटरीच्या दोन टोकांना टेकवा. १२.६ किंवा त्याच्या वर दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे सुमारे अर्धी. १२ च्या खाली गेली तर ती उपाशी आहे असे समजा. आधी बाहेरच्या चार्जरने तिला भरा आणि मगच पुढची परीक्षा घ्या. उपाशी बॅटरीवर इंजिनाची परीक्षा घेऊन कोणतेच खरे उत्तर मिळत नाही.

दुसरी पायरी, आणि हीच सर्वांत जास्त वेळा फळ देते. बॅटरीच्या टोकांवरच्या पकडी पाहा. हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड जमली आहे का? पकड हाताने हलते का? असेल तर आधी ऋण टोकाची तार काढा, मग धन टोकाची. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पूड धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या भोकांत जाऊ देऊ नका. काचकागदाने धातू चकचकीत करा. परत लावताना आधी धन, मग ऋण; घट्ट आवळा आणि वरून थोडे ग्रीस लावा. काळी तार जेथे इंजिनाच्या अंगाला बोल्टने जोडलेली असते, तो बोल्टही सोडून घासा. पुष्कळदा रोग एवढ्यावरच बरा होतो.

तिसरी पायरी : इंजिन सुरू करताना मीटर बॅटरीवरच ठेवा. सुरू करणारी मोटर फिरताना आकडा खाली येणारच. पण भरलेली बॅटरी असूनही तो साडेनऊच्या खाली कोसळला, तर बॅटरी म्हातारी झाली. पाण्याची झाकणे उघडता येणारी बॅटरी असेल, तर हायड्रोमीटरने सहाही खणांतले आम्ल पाहावे. पाच खण सारखे आणि एक फार हलका निघाला, तर तो खण मेला. अशा बॅटरीला कितीही भरा, ती रात्रीतून बसणार.

चौथी पायरी खऱ्या अर्थाने इंजिनाची आहे. इंजिन कोरडे कधीही चालवू नका. त्याला थंड ठेवणारे पाणी नदीतून वर चढते. पाणी नसेल तर ते चढवणारा रबरी पंखा थोड्याच वेळात जळतो. होडी पाण्यात उतरवा, किंवा इंजिनाचा खालचा भाग पाण्याने भरलेल्या मोठ्या पिंपात बुडवा. पिंपात गिअर मोकळा ठेवा आणि वेग बेताचा ठेवा. आता बॅटरीवरचा आकडा वाचा. इंजिन बंद असताना १२.५ होता, तो वेग थोडा वाढवल्यावर साडेतेरा ते साडेचौदा झाला, तर नाला वाहतो आहे. आकडा हललाच नाही, उलट खाली सरकत राहिला, तर नाला कोठेतरी अडला आहे. आणि पंधराच्या बराच वर गेला, तर सांडवा बिघडला. बॅटरीतले पाणी उकळून आटेल आणि सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागेल. काही जुन्या लहान इंजिनांना मुळात सांडवा नसतो, नुसती झडप असते. तेथे लांबच्या फेरीत आकडा वर जातोच. अशा इंजिनाला पाणी घालता येणारी बॅटरीच ठेवावी आणि पाणी वरचेवर पाहावे.

नाला अडला असेल तर पाचवी पायरी. इंजिन बंद करा. आधी फ्यूज पाहा. तो गेला असेल तर त्याच ताकदीचा घाला. त्या जागी तांब्याची तार गुंडाळण्याची आपल्याकडची पद्धत कृपा करून होडीवर आणू नका. पेट्रोलच्या शेजारी ती तार म्हणजे काडी आहे. मग लाल तार टोकापासून टोकापर्यंत हाताने चाचपा. शेडमध्ये आठ महिने उभ्या राहिलेल्या होडीच्या तारा उंदीर कुरतडतात. जोडांच्या खोबणीत कुंभारमाशी मातीचे घर करते. गेल्या पुराचा गाळ आत वाळून बसलेला असतो. प्रत्येक जोड उघडा, झटका, घासा, परत लावा. मग इंजिन पुन्हा सुरू करून मीटरचे एक टोक लाल तारेच्या उगमाशी आणि दुसरे बॅटरीच्या धन टोकाशी लावा. तार चांगली असेल तर मधला फरक अगदी नगण्य येतो. अर्ध्या व्होल्टच्या वर आला, तर वीज वाटेतच झिरपते आहे असे समजा.

एवढे सगळे चांगले निघाले तरच सहावी पायरी : झडप आणि वेटोळे. येथे गावच्या मिस्त्र्याला बोलवा, पण काय पाहायचे ते आपणही जाणून असावे. इंजिन बंद करून वेटोळ्याच्या तारांचा जोड सोडायचा. मीटर रोधावर, म्हणजे ओहमवर, ठेवून वेटोळ्याच्या दोन टोकांत मोजायचे. रोध अगदी थोडा, पण स्थिर दिसला पाहिजे. मार्गच दिसला नाही तर तार आत तुटली. मग एक टोक इंजिनाच्या अंगाला लावायचे; बहुतेक इंजिनांत येथे मार्ग दिसता कामा नये. दिसला तर वेटोळ्याचे वेष्टन जळून ते इंजिनाच्या अंगाला चिकटले आहे. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. ती पुस्तिका कचेरीच्या कपाटात नव्हे, होडीच्या पेटीत ठेवावी. वेटोळे चांगले असेल तर उरली झडप. मीटरवर डायोड तपासण्याची खूण असते. साध्या झडपेतून वीज एका बाजूने जाते, उलट बाजूने जात नाही. दोन्हीकडून गेली किंवा कोणीकडूनच गेली नाही, तर ती निकामी. सांडवा जोडलेल्या डबीत मात्र ही परीक्षा नेहमी खरी ठरत नाही. तेथे तशीच दुसरी चांगली डबी लावून पाहणे बरे.

एक सोपी खूणही सांगून ठेवतो. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा असेल, तर तो पुष्कळ इंजिनांत ह्याच वेटोळ्याच्या विजेवर चालतो. चार्जिंग बंद आणि काटाही मेलेला, तर दोष बहुधा वेटोळ्याकडे किंवा झडपेकडे. काटा फिरतो आहे पण चार्जिंग नाही, तर आधी फ्यूज, तार आणि जोड ह्यांच्याकडे वळा.

झडप मरते कशाने? बहुतेक वेळा माणसाच्या हाताने. घाईत बॅटरी उलटी जोडली, लाल जागी काळी, तर झडप क्षणात जळते. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढली, तरी विजेचा लोंढा झडपेवर आदळतो. “एकदा सुरू झाले ना, मग काढ बॅटरी आणि लाव दुसऱ्या होडीला” अशी काटकसर पुराच्या धांदलीत सुचते. ती करू नका. इंजिन आधी बंद, मग तार. हा क्रम सर्व खलाशांना तोंडपाठ असावा.

आता एक कोडे. सगळे भाग चांगले आहेत, मीटरवर चौदा दिसतात, तरीही रात्रीतून बॅटरी बसते. असे का? येथे दोष नसतो, हिशेब असतो. उदाहरण घ्या. शंभर वॅटचा झोतदिवा बाराच्या बॅटरीवर सुमारे आठ अँपियर खातो. इंजिन पूर्ण वेगात असताना भरपूर वीज देते, पण पुरात शोध घेताना होडी पूर्ण वेगात कधी असते? बुडालेली झाडे, तारा, घरांची छपरे ह्यांच्यामधून ती रांगत असते. त्या मंद वेगात इंजिन दोन-अडीच अँपियरच देत असेल, असे समजा. म्हणजे दर तासाला जवळजवळ सहाचा तोटा. तीन तासांत अठरा गेले. शिवाय प्रत्येक घराशी थांबून इंजिन पुन्हा सुरू करायचे. सुरू करणारी मोटर चार सेकंद १२० अँपियर ओढते असे धरले, तर तीस वेळा सुरू करण्यात आणखी चार गेले. एकूण बावीस अँपियर-तास. आता पाहा : ७० अँपियर-तासांची बॅटरी संध्याकाळी पूर्ण भरलेली असेल, तर मध्यरात्री तिच्यात ४८ उरतात आणि इंजिन आनंदाने सुरू होते. तीच बॅटरी उन्हाळ्यात झिजून अर्धीच राहिलेली असेल, तर ३५ मधून २२ गेले, उरले १३. आणि ऐन धारेत ‘कट्’ असा आवाज येतो. होडी तीच, रात्र तीच, खलाशी तेच. फरक मे महिन्याचा!

ह्या हिशेबावर उपायही हिशेबाचेच आहेत. जुन्या झोतदिव्याच्या जागी वीस वॅटचा एल.ई.डी. दिवा लावला, तर खर्च आठावरून दोनाच्या आत येतो. जमत असेल तर दिव्यांना वेगळी बॅटरी आणि इंजिनाला वेगळी ठेवावी, म्हणजे उजेडापायी इंजिन उपाशी मरत नाही. धारेत असताना इंजिन उगाच बंद करू नये. पण माणूस पंख्याच्या जवळ असेल तेव्हा मात्र ते बंदच केले पाहिजे. तेथे बॅटरीची काटकसर नाही, जिवाचा प्रश्न आहे.

आणि तरीही बॅटरी बसलीच तर? तर दोरी! पुष्कळ इंजिनांत ठिणगीची वीज वरच्या चाकातून स्वतंत्रपणे मिळते. तिला बॅटरी लागत नाही. वरचे झाकण काढून चाकाच्या खाचेत दोरीची गाठ अडकवायची, गिअर मोकळा करायचा, मागे कोणी उभे नाही हे पाहायचे आणि जोराने ओढायचे. इंजिन सुरू झाल्यावर फिरत्या चाकापाशी हात, लुगडे, उपरणे जाऊ द्यायचे नाही. काही मोठ्या नव्या इंजिनांत मात्र पेट्रोलचा पंपच विजेवर चालतो. तेथे मेलेल्या बॅटरीवर दोरीचा उपयोग होत नाही. आपले इंजिन कोणत्या जातीचे आहे, हे कोरड्या जमिनीवर दिवसाउजेडी दोरी ओढून आधीच ठरवून ठेवावे. पिंपात उभे करून ओढा म्हणजे झाले. आणि कोणत्याही होडीत दोन वल्ही असावीतच; वल्ह्याला बॅटरी लागत नाही.

शेवटी वर्षाचे वेळापत्रक सांगतो. पावसाळा संपला, होडी शेडमध्ये आली, की बॅटरीची ऋण तार सोडा. बॅटरी काढून सावलीच्या, हवेशीर जागी ठेवा. खणांत डिस्टिल्ड पाणी पट्ट्या बुडतील इतके असू द्या. विहिरीचे पाणी नको. महिन्यातून एकदा ती भरून घ्या. वीज भरवशाची नसेल तेथे सूर्य तर भरवशाचा आहे! दहा वॅटचे लहान सौर-तावदान आणि त्याचा नियंत्रक जोडून ठेवला, तर उन्हाळ्यातली झीज तेवढ्यावर सहज भरून निघते. मग मे महिन्यात, मृग लागण्यापूर्वी पुरते दोन आठवडे हाताशी ठेवून, वर सांगितलेल्या सहा पायऱ्या करा. खोट निघालीच तर भाग मागवायला तेवढी सवड उरते.

होडीच्या पेटीत एक शाळकरी वही ठेवा आणि तिच्यात दर वेळी तीन आकडे लिहा : विसावलेल्या बॅटरीचे व्होल्ट, सुरू करतानाचे व्होल्ट, आणि इंजिन चालतानाचे व्होल्ट. खाली तारीख आणि तपासणाऱ्याची सही. गेल्या वर्षीच्या आकड्यांशेजारी ह्या वर्षीचे आकडे आले, की बॅटरीचे म्हातारपण न सांगता दिसते. ग्रामपंचायतीत पुराची बैठक भरते तेव्हा होडी आहे का, इंजिन आहे का, पेट्रोल आहे का, असे विचारले जाते आणि सगळ्यांचे उत्तर ‘आहे’ असे येते. वाचकहो, तुमच्या गावी होडी असेल तर ह्या वर्षी बैठकीत उभे राहून आणखी एक प्रश्न विचारा : “वहीतले तीन आकडे किती आहेत?”